अक्कांचा शिलेदार मरत नाही

सोलापूरच्या पूर्व भागात गेल्या बावीस वर्षांत एकाही शिलेदाराला मरण आलेलं नाही. भाले लागले, घोडे उधळले, फितुरांनी दिंडी दरवाजे उघडून दिले, भर पुरात नावा उलटल्या, पण मेलं कुणी नाही. जो तो शेवटी आपापल्या घरी पोचला, पायरीवर बसला, पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं आणि पाणी मागितलं. मग आतून नायिका म्हणाली, "तांब्या भरूनच ठेवलाय." बस्स, कादंबरी संपली. या चमत्काराला आमच्या वाचनालयाच्या एक सभासद बाई कारणीभूत आहेत. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते, म्हणून मीही म्हणतो. कार्डावर त्यांचं पूर्ण नाव माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, पण त्या नावानं कुणी हाक मारली तर ही कोण बाई म्हणून अक्का स्वतःच मागे वळून बघतील.

मी त्या वाचनालयाचा ग्रंथपाल. ग्रंथपाल म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे काही भारदस्त उभं राहत असेल ते कृपा करून बाजूला ठेवावं. शटर वर करायचं, पंखे लावायचे, आणि पेपर वाचता वाचता झोपलेल्या निवृत्त मंडळींना बंद व्हायच्या वेळी उठवून घरी पाठवायचं, ही माझी विद्वत्ता. वाचनालय साडेचारला उघडतं. मंगळवारी आणि शुक्रवारी अक्का सव्वाचारलाच पायरीवर हजर असतात. एकदा मे महिन्यात, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही अशा उन्हात, बघू तरी म्हणून मी मुद्दाम उशीर केला. अक्का डोक्यावर पदर घेऊन तिथंच बसलेल्या. "सर, साडेचारवर चार मिन्टं झाली की," एवढंच म्हणाल्या, पण असं म्हणाल्या की त्यानंतर मंगळवारी आणि शुक्रवारी मीही सव्वाचारलाच पोचू लागलो.

त्यांचं सगळं आयुष्य विड्या वळण्यात गेलं. घरची भाषा तेलुगू, शाळा नगरपालिकेची मराठी, तीही सातवीपर्यंत. हाताला, पदराला, पिशवीला तंबाखूचा वास, आणि त्यांनी नेलेल्या पुस्तकांनाही तोच. सुरुवातीला मी नाक मुरडलं, खोटं कशाला सांगू. पण पुढे लक्षात आलं की धार्मिक विभागात, जिथे मी रोज नेमानं उदबत्ती लावतो, तिथे कसरीनं संतांच्या चरित्रांची पार चाळण केली आहे, आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या दोन कपाटांकडे मात्र ती फिरकतसुद्धा नाही. तेव्हापासून माझी तक्रार बंद झाली.

पुस्तक निवडण्याची अक्कांची रीत ठरलेली. आधी मुखपृष्ठ बघायचं. त्यावर घोडा पाहिजे. घोडा नसेल तर पुस्तक हातातसुद्धा घ्यायचं नाही. घोडा असेल तर खिडकी बघायची, आणि खिडकीत बाई. घोडा, खिडकी आणि बाई तिन्ही जमलं की पुस्तक तळहातावर ठेवून वजन करायचं, कारण कादंबरी निदान दोन आठवडे तरी पुरायला हवी. एकदा मी माझ्या अकलेनं त्यांना एक नामांकित, जाडजूड, तळटिपांनी सजलेली कादंबरी दिली. तिसऱ्या दिवशी पुस्तक टेबलावर परत. "सर, दोनशे पानं झाली. ह्यानं अजून तिच्याकडं बघितलंसुदिक न्हाय. नुस्ता तह करतोय." मी म्हणालो, अहो, इतिहास आहे तो. त्यावर अक्का म्हणाल्या, "इतिहास हाय की, न्हाय कुटं म्हंते मी? पन त्या पोरीनं किती दिवस खिडकीत हुबं ऱ्हायचं?" या प्रश्नाचं उत्तर त्या लेखकाकडेही असेल असं मला वाटत नाही.

पुस्तक दोन आठवडे पुरायला हवं, कारण ते एकट्या अक्कांसाठी नसतं. दुपारची जेवणं झाली की त्यांच्या अंगणात, पत्र्याच्या सावलीला, गल्लीतल्या वीसपंचवीस बायका मांडीवर सुपं घेऊन बसतात. सुपात विडीची कापलेली पानं, तंबाखू, कात्री आणि दोऱ्याचं रीळ. बायका विड्या वळतात आणि अक्का मोठ्यानं कादंबरी वाचतात. वाचताना त्यांचे हात रिकामे, म्हणून त्यांच्या वाटणीच्या विड्या ऐकणाऱ्या बायका आपापसात वाटून वळून देतात. हे कधी कुणी ठरवलं ते कुणालाच सांगता येत नाही. अडचण एवढीच की कादंबरीत जे चाललं असेल ते थेट विडीत उतरतं. लढाई असली की बायकांची बोटं आवळतात आणि विडी इतकी घट्ट होते की ओढणाऱ्याचे गाल आत जावेत. नायक-नायिका बागेत भेटले की बोटं ढिली पडतात, विडी सैल होते आणि तंबाखू गळते. दुसऱ्या दिवशी कारखान्यात माल तपासणारा माणूस सैल विड्या छाटून बाजूला काढतो. तो आता इतका तयार झाला आहे की विडी बोटांत फिरवून विचारतो, "काय मावशी, काल लगीन जमलं वाटतं?" यावर अक्कांनी उपाय काढला. एका दुपारी चार पानांपेक्षा जास्त लढाई नाही आणि तीन पानांपेक्षा जास्त बाग नाही. मोहीम अर्ध्यावर आली असेल तर सैन्यानं उद्या दुपारपर्यंत जागच्या जागी उभं राहायचं.

"या की सर एकदा, ऐकायला," असं त्या बऱ्याच दिवसांपासून म्हणत होत्या. चारपाच वर्षांपूर्वी एका रविवारी गेलो. 'समशेर आणि सायली'चं शेवटचं प्रकरण चाललं होतं. ही कादंबरी मी तरुणपणी वाचली होती. तिचा नायक रणधीर शेवटच्या पानावर, अगदी गडाच्या दारात, पाठीत वार होऊन मरतो आणि नायिका केतकी त्याची समशेर उचलून छातीशी धरते. त्या पानावर मी तेव्हा रडलो होतो, आणि अजूनही त्याबद्दल मला थोडा अभिमान आहे. मी मनाची तयारी करून बसलो. अक्का पान उलटत होत्या, बोट ओळीवरून सरकत होतं, आवाज लागला होता. आणि बघतो तर वार चुकला. रणधीर पायऱ्या चढून घरी आला, बसला, पागोटं काढलं, पाणी मागितलं. केतकी म्हणाली, "तांब्या भरूनच ठेवलाय." बायकांनी पदरानं डोळे टिपले. मी खोकलो. अक्कांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं की माझा खोकला जागच्या जागी बरा झाला.

मंगळवारी मी तो विषय काढलाच. मी स्वभावानं नियमाचा माणूस आहे. छापलेल्या अक्षराला हात लावलेला मला खपत नाही. अक्कांनी काही लपवलं नाही. शेवटचं प्रकरण त्या आधी माझ्याच वाचनालयातल्या बाकावर बसून मनात वाचून घेत, पानं मोजत, आणि छापील शेवट आठ पानांचा असेल तर आपलाही बरोबर आठ पानांचा बसवत, कारण समोरच्या बायकांचं पान उलटण्याकडे लक्ष असतं. "पण हा लेखकावर अन्याय नाही का?" असं मी विचारलं. "लेखकाला काय, सर, लिहून मोकळा झाला की तो. मला उद्या बी त्याच बायकांत बसायचंय. दिवसभर मान खाली घालून बसल्यात बिचाऱ्या, त्यांच्यापुढं मी मेलेला मानूस कशाला वाचू?" मग पुस्तक पिशवीत टाकून म्हणाल्या, "तुमी कुनाला बोलायचं न्हाय." मी बोललो नाही. म्हणजे ग्रंथपाल असून एका मोठ्या साहित्यिक गुन्ह्यात मी सामील झालो.

असं सगळं सुरळीत चाललं असताना यंदा आमच्या कार्यकारिणीला अभ्यासिकेचा ध्यास लागला. पोलीस भरतीची आणि इतर परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींना बसायला जागा नाही, हे खरंच होतं. ती बिचारी जिन्यात बसून गणितं सोडवत. जागा करायची तर कपाटं हलवायला हवीत. अध्यक्षांनी नियम काढला: गेल्या तीन वर्षांत जे पुस्तक एकदाही कुणी नेलेलं नाही ते रद्दीत. महिनाअखेरीला यादी करायची. कच्ची यादी मी आधीच करायला बसलो. ऐतिहासिक कादंबऱ्यांची दोन कपाटं म्हणजे एकट्या अक्कांचं राज्य. त्यांनी सगळी पुस्तकं वाचलेली, पण काही दहा वर्षांपूर्वी, काही पंधरा. आतल्या चिठ्ठीवर ताजा शिक्का असलेली पुस्तकं मोजून पंधरा-वीस निघाली. बाकी सगळी रद्दीच्या यादीत, 'समशेर आणि सायली'सकट.

शुक्रवारी मी अक्कांना सांगितलं. त्या रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. बाकावर बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी शिक्का मारला की पुस्तक वाचतंय?" हो म्हणालो. "आनि शिक्का मारायला कुनीबी चालतंय?" सभासद असला की झालं, मी म्हणालो. "मग फारम काढा की सर. आमच्या अंगनातल्या सगळ्या बायका सभासद." मी हसलो, पण लगेच एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. "अक्का," मी हळूच म्हणालो, "पुस्तकं घरी गेली की शेवटचं प्रकरणही घरी जाईल. घराघरांत आता शिकलेल्या सुना आहेत." अक्कांच्या हातातली पिशवी मांडीवर ठेवली गेली. बावीस वर्षं राखलेली गोष्ट होती ती, आणि तिची किंमत त्यांना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती. मग त्या उठल्या. "जाऊ द्या," म्हणाल्या. "माजं काय व्हायाचं ते हुईल. पुस्तकंच गेली तर मी वाचू काय?"

पुढचा मंगळवार मी विसरणार नाही. सव्वाचारला पोचलो तर पायरीपासून कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत बायकांची रांग. अंगणातल्या होत्याच, शिवाय त्यांच्या बहिणी, जावा आणि पलीकडच्या बोळातल्या ओळखीपाळखीच्या. बहुतेकींचं मराठी वाचन बसच्या पाटीपुरतं. फॉर्म भरायला जिन्यातली अभ्यास करणारी पोरं धावली, कारण ही रांग आपल्याच अभ्यासिकेच्या आड येते आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. माझी खरी परीक्षा पुढे होती. बायकांना पुस्तकांची नावं माहीत नव्हती, पण गोष्टी सगळ्या तोंडपाठ, आणि त्या अक्कांच्या! "सर, घोडा दरीत पडतोय पन मालकाला पाटीवर घिऊन वर येतोय, ते द्या." मूळ पुस्तकात घोडा आणि मालक दोघंही दरीतच राहतात. "ज्यात शेवटी जुळी पोरं हुत्यात, ते हाय का?" त्या कादंबरीत नायिका सहाव्याच प्रकरणात विहीर जवळ करते. मी डोक्याला हात लावला, पण माझंही वाचन काही कमी नाही. प्रत्येक अमर नायकाचा मूळ मृत्यू आठवून आठवून मी पुस्तक शोधत गेलो. अध्यक्ष पाच वाजता आले, रांग बघून दारातच थबकले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "काय हो, फुकट काही वाटताय का?" मी म्हणालो, "नाही, ऐतिहासिक कादंबऱ्यांची मागणी वाढली आहे." अक्का रांगेच्या तोंडाशी उभ्या राहून प्रत्येक शिक्का नीट उमटला की नाही ते बघत होत्या. एक पुसट वाटला तर मला पुन्हा मारायला लावला. महिनाअखेरीला ऐतिहासिक विभागातलं एकही पुस्तक यादीत नव्हतं. अभ्यासिकेसाठी अध्यक्षांनी शेवटी स्वतःच्या केबिनची भिंत पाडली, आणि ते चांगलंच झालं, कारण त्या केबिनमध्ये झोपण्यापलीकडे काही होत नसे.

पण त्या मंगळवारानंतर दोन आठवडे अक्का वाचनालयात आल्या नाहीत. बावीस वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. सव्वाचारची पायरी रिकामी बघून मला चुकल्यासारखं होई. मग एका शुक्रवारी पुस्तकं परत यायला लागली. पहिली आली नरसम्मा. ही अक्कांची शेजारीण, अंगणात त्यांच्या उजव्या हाताला बसणारी, स्वभावानं फटकळ. तिनं 'समशेर आणि सायली' टेबलावर ठेवलं. शेवटच्या प्रकरणाची पानं विडीच्या दोऱ्यानं आडवी-उभी बांधलेली होती, वर पक्की गाठ. मी विचारलं, हे काय?

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "सूनबाईनं वाचून दावलं. तो मेला म्हंती. दारात मेला." तिनं इकडेतिकडे बघितलं. "मी तिला म्हनलं, मीट ते. मग मी बांधून टाकलं. सगळ्या बायकांना बी सांगितलं, बांधूनच द्या म्हनून. पुन्यांदा कुनी उघडाय नको."

"अक्कांना कळलं का, तुम्हाला कळल्याचं?"

"आमी कशाला सांगू? आमी म्हनलं, अक्का, आमच्यात मराठी कुनाला वाचता येतंय? तूच वाच." मग आवाज खाली आणून नरसम्मा म्हणाली, "सर, तिचा मालक भिवंडीला मागावर कामाला गेला, त्याला बावीस वर्षं झाली. सनाला येतो म्हनून गेला. तवापासनं ती वाचून दावती. हितं एवड्या कादंबऱ्या झाल्या, एक बी गडी मेला न्हाय. आमाला काय येवडं बी कळत नव्हतं व्हय?" आणि माझ्याकडून कार्ड घेऊन ती निघून गेली.

त्या एका दिवसात बेचाळीस पुस्तकं परत आली आणि बेचाळीसच्या बेचाळीस दोऱ्यानं बांधलेली. नियमाप्रमाणे ते दोरे मी सोडायला हवे होते. कात्री ड्रॉवरमध्ये होती. मी ड्रॉवर उघडलाच नाही.

पुढच्या मंगळवारी सव्वाचारला अक्का पायरीवर होत्या. काही झालंच नाही अशा थाटात आत आल्या, कपाटापाशी गेल्या आणि पहिलंच पुस्तक बाहेर काढलं तर ते 'समशेर आणि सायली'. दोरा दिसल्यावर त्यांचा हात थांबला. ज्यांनी आयुष्यभर दोऱ्याच्या गाठी मारल्या त्यांना गाठ वाचायला वेळ लागत नाही. "तीन वेढे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "नरसम्माची गाठ हाय ही." मग दुसरं पुस्तक काढलं, तिसरं काढलं, प्रत्येकावर एकेकीची गाठ ओळखत गेल्या. मी रजिस्टरात डोकं घातलं, कारण दुसरं काही मला सुचेना. थोड्या वेळानं त्यांनी 'समशेर आणि सायली' टेबलावर ठेवलं. "हेच घेते," म्हणाल्या. मी शिक्का मारला. अगदी ठळक मारला.

ते पुस्तक संपायच्या दिवशी मी अंगणात गेलो, बोलावणं नसताना. पत्र्याखाली सुपं मांडलेली होती, कात्र्या चालू होत्या. शेवटचं प्रकरण आलं तेव्हा अक्कांनी दोऱ्याला हात लावला नाही. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं, त्यावर हात ठेवला आणि पूर्वीच्याच आवाजात वाचायला लागल्या. कुणीही मान वर केली नाही. वार चुकला. रणधीर पायऱ्या चढला. पागोटं काढून त्यानं गुडघ्यावर ठेवलं आणि पाणी मागितलं. आणि इथे, बावीस वर्षांत पहिल्यांदा, अक्कांचा आवाज अडकला. त्यांनी दोनदा घसा साफ केला, पण शब्द येईना. अंगणात नुसता पानं कापल्याचा आवाज. इतक्यात नरसम्मानं हातातली विडी बांधली, दोरा दातानं तोडला आणि सुपातून नजर न काढता म्हणाली,

"तांब्या भरूनच ठेवलाय."

"व्हय," पलीकडची म्हणाली. "भरूनच ठेवलाय की."

मग एकेक करून सगळ्याच ते म्हणाल्या, कुणी मराठीत, कुणी तेलुगूत, हातातलं काम न थांबवता. अक्कांनी मान हलवली आणि पान उलटावं तसा पुस्तकावरून अंगठा फिरवला. त्या दिवशीच्या विड्या घट्ट झाल्या की सैल, ते मी विचारलं नाही.